तेलातली माती

आम्रपाली विमानातून पडेल अशी भीती लीलाबाईंना कधी वाटली नाही. पोरगी विमानात बसायचीच कुठे! तिचं काम सगळं जमिनीवरचं. लीलाबाईंच्या जिवाला घोर होता तो तिच्या सहीचा. रोज सकाळी आम्रपाली दोन माणसं बसतील एवढ्या एका चिमुकल्या विमानाचं इंजिन तपासायची, 'उडण्यास योग्य' असं लिहायची आणि खाली सही करायची. मग कोणाचं तरी लेकरू त्या सहीच्या भरवशावर आभाळात जायचं. उद्या काही बरंवाईट झालं, तर आधी नाव कोणाचं वाचतील? भाकरी थापताना, आठवीच्या वर्गात फळ्यावर सूत्रं लिहिताना, दळण आणायला निघाल्यावर रस्त्यात मध्येच, ती सही लीलाबाईंच्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहायची.

एकदा त्यांनी विचारलंही होतं, "तुझ्यानंतर दुसरं कोणी बघत नाही?"

"बघतो की. पायलट बघतो."

"तो काय बघतो?"

"माझी सही," आम्रपाली म्हणाली आणि पोट धरून हसली. लीलाबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पोरीचा ओढाच मुळी इंजिनाकडे. बाप, ज्योतिबा, सांगलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. लहानपणी त्याचा डबा घेऊन गेलेली आम्रपाली दिवेलागणीला परत यायची, तीही फ्रॉकला काळे पंजे पुसून. घरात बसून आवाजावरून सांगायची, "आता गेली ती तासगावची गाडी, तिचा पट्टा सैल झालाय." शेजारच्या बाळाबाई तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "ज्योतिबाची लेक नुसतं गिरीस फासून घेती. हळद कवा लागायची गं हिला?" त्यावर आम्रपालीनं एकदा त्यांच्या बंद पडलेल्या मिक्सरचं पोट उघडून तो सुरू करून दिला. तेव्हापासून बाळाबाई हळदीचं बोलायच्या, पण मिक्सर बंद पडला की हाक तिलाच मारायच्या.

पुढे पुण्याला राहून तिनं विमानाच्या देखभालीचा कोर्स केला. परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा लायसन मिळवलं. आणि नोकरी लागली ती घरापासून दीड-दोन तासांवर, कऱ्हाडच्या बाजूला माळावरच्या एका धावपट्टीवर. तिथं एक छोटा फ्लाइंग क्लब होता. विमान एक, शिकवणारे नानासो एक, आणि विमानाला बरं-नको विचारणारी आम्रपाली एक.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत लीलाबाईंचे भाऊ सोपान यांनी एक जागा आणली. ते सांगलीच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. तिथं प्रयोगशाळा सहायकाची कायम जागा निघाली होती, आणि संस्थेचे लोक सोपानरावांच्या शब्दाला मान द्यायचे. "लिले, सोमवारी मिटिंग आहे," ते म्हणाले. "त्याच्या आत हो म्हण. पोरगी घरी राहील, डोळ्यांसमोर राहील. विमानाची कसली नोकरी ती!"

लीलाबाईंनी हे आम्रपालीला सांगितलं, तेव्हा तिनं आईचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाली, "आई, तुझी झोप गेलीय माझ्यापायी, हे मला दिसतंय. तू म्हणशील तसं करते. मामाला काय सांगायचं ते तूच सांग." भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं सगळं आईच्या ओंजळीत टाकलं, आणि ओंजळ जड झाली.

शनिवारी दुपारी आम्रपाली घरी आली ती हातात एक कागद घेऊनच. विमानाच्या इंजिनातलं तेल बदलताना त्यातलं थोडं पुण्याला तपासायला पाठवायचं, अशी तिनंच क्लबला सवय लावली होती. माणसाचं रक्त तपासतात तसंच ते. इंजिनाच्या आत कुठलाही भाग झिजला, की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तेलात उतरतात. कुठला धातू किती उतरलाय ते कळलं, की आत काय चाललंय याचा अंदाज येतो.

"बघ, तुझं केमिस्ट्री आहे ना," म्हणून तिनं कागद आईपुढे ठेवला.

लीलाबाईंनी चष्मा लावला. लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम, तांबं. आकडे दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या घरातले. आणि मध्येच शिसं: हजारांत! त्याच्याभोवती लाल शाईनं गोल, आणि खाली लॅबनं ठळक अक्षरांत लिहिलेलं: बेअरिंगची गंभीर झीज, इंजिन ताबडतोब बंद करावे.

ज्योतिबानं मान पुढे काढून वाचलं आणि भात कालवायचा थांबला. "शिसं एवढं? गेलं गं बेअरिंग. आमच्या गाडीला याच्या पावपट निघालं असतं तरी साहेबानं गाडी आत घेतली असती."

"तुमची गाडी डिझेलवर चालते, आबा."

"मग?"

"या विमानाच्या पेट्रोलमध्येच शिसं घालतात. इंजिन ठोकू नये म्हणून. ते जळतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडं थोडं तेलात येतं. प्रत्येक वेळी हजारांतच येतं. या लॅबकडं सगळी तेलं ट्रकांची आणि साखर कारखान्यांची. त्यांना वाटलं, बेअरिंग विरघळलं."

ज्योतिबा खो खो हसला. "म्हंजी डॉक्टरानं पेढं खाल्लेल्या माणसाला साखर हाय म्हणून सांगावं, तसलं झालं की हे!"

लीलाबाईंनाही हसू आलं. पण आम्रपाली हसत नव्हती. तिचं बोट लाल गोलावर नव्हतंच. ते खाली, ज्याच्याकडं लॅबनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं अशा लहान आकड्यांवर होतं. गेल्या खेपेपेक्षा लोखंड दुप्पट. क्रोमियम दुप्पट. आणि सिलिकॉन तिपटीहून जास्त.

"सिलिकॉन म्हणजे काय गं आई?"

"वाळू. माती. धूळ," लीलाबाई म्हणाल्या. शाळेत विचारल्यासारखं उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप आलं.

"बाटली नीट धुतली हुतीस का?" ज्योतिबानं विचारलं. "बाटलीतच आसंल माती."

"बाटली लॅबकडूनच बंद आली होती. आणि आबा, बाटलीत माती असती तर नुसतं सिलिकॉन वाढलं असतं. बाटलीतल्या मातीनं क्रोम कसं वाढेल?"

ज्योतिबाचं हसू मावळलं. त्यानं हात धुतले आणि कागद परत हातात घेतला. "रिंगांवर क्रोम असतं," तो हळू म्हणाला. "आणि सिलिंडर लोखंडाचं. म्हंजी धूळ आत जाती आणि पॉलिश पेपर घासल्यागत रिंगा आन् सिलिंडर घासून काढती. एअर क्लीनर बघ."

"बघितला. नवा आहे. कडेचं रबरसुद्धा नवं. पट्ट्या आवळल्यात. हवा गाळूनच आत जाते. तरी माती कुठून येते तेच कळत नाही."

"मग नानासोंना दाखव हे," लीलाबाई म्हणाल्या.

"दाखवलं. ते म्हणाले, ज्यांना विमानातलं शिसं कळत नाही, त्यांची माती कशाला खरी मानायची?" आम्रपालीनं कागदाची घडी घातली. "मुलांच्या परीक्षा आल्यात. तास भरायचेत. विमान थांबवलं, तर उद्यापासून मी सगळ्यांची वैरी. आणि नाही थांबवलं तर…"

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. लीलाबाईंनी ते मनात पुरं केलं. आणि त्याच क्षणी त्यांनी ठरवलं, की उद्या आपणही तिच्याबरोबर जायचं, त्या नानासोंना भेटायचं आणि हात जोडून सांगायचं, माझी पोरगी महिनाअखेर मोकळी करा.

रविवारी पहाटेच्या गाडीनं दोघी निघाल्या. धावपट्टीवर पोचल्या तेव्हा कृष्णेकडून आलेलं धुकं अजून माळावर लोळत होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान उभं होतं. लीलाबाईंना ते लग्नाच्या मांडवात एकटंच राहिलेल्या पोरासारखं वाटलं, एवढंसं. नानासो बाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. हवाई दलातून निवृत्त झालेला उंच, शिडशिडीत माणूस, डोक्यावर माकडटोपी.

"या, बसा. आम्रपालीच्या आई न्हवं?" त्यांनी लीलाबाईंना न्याहाळलं. "पोरीला न्यायला आलाय व्हय?"

लीलाबाई दचकल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? कवा न आलेली आई थंडीत एवढ्या सकाळी येती, ती काय आमचा चहा प्यायला? न्या खुशाल. पण जायच्या आधी आसली दुसरी आणून द्या."

तेवढ्यात आम्रपाली पुढे झाली. "सर, मी आज सही करत नाही."

नानासोंनी कप खाली ठेवला. शेडच्या दारात उभी असलेली अंकिता, फलटणहून शिकायला आलेली विद्यार्थिनी, हेल्मेट काढल्यासारखी डोक्यावरची ओढणी मागं सारून ऐकू लागली.

"शिशाची भीती बसली व्हय तुलाबी?"

"शिशाची नाही. मातीची."

"आगं, पण त्या लॅबवाल्यांना..."

"त्यांचा आकडा बरोबर आहे, सर. अर्थ चुकलाय. शिशाचा आकडाही बरोबरच आहे. माझं एवढंच म्हणणं आहे, की अंकिता रोज करते तसं सगळं करू दे. सुरू करू दे, टोकापर्यंत नेऊ दे, तिथं थांबू दे आणि परत आणू दे. उडवायचं नाही. मी नुसती ऐकते."

"ऐकून काय कळणार हाय?"

"ते ऐकल्यावर कळेल."

नानासोंनी खांदे उडवले. "कर बाई. तुझं विमान, तुझं कान."

अंकिता आत बसली. पंखा फिरला, इंजिन खोकलं आणि चालू लागलं. मुरमाच्या वाटेनं विमान हळूहळू धावपट्टीच्या टोकाकडं निघालं. वाटेला लागूनच गाडीरस्ता होता. उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली त्याच वेळी तिथून गेली आणि तांबडा धुरळा उडाला तो विमानापर्यंत. टोकाला जाऊन विमान उभं राहिलं. अंकिता समोरच्या घड्याळांवर एकेक बोट ठेवत तपासणी करत होती.

आम्रपाली डोळे मिटून उभी होती. लीलाबाईंना ती आठ वर्षांची दिसली, खिडकीत बसून गाड्यांचे आवाज ओळखणारी. आणि मग तिनं डोळे उघडले.

"आवाज जड आहे," ती म्हणाली. "सुरू केल्यापासून जड आहे. जेवून चालल्यासारखा."

विमान परत आलं. इंजिन बंद व्हायची वाटही न बघता ती धावली आणि पंखा थांबल्यावर दार उघडून आत वाकली. "अंकिता, गरम हवेची खुट्टी बाहेर ओढलेली आहे ही, म्हणून आवाज जड. कधीपासून?"

"सुरू केल्यापासून, मॅडम."

"रोज?"

"रोज. सरांचा नियमच हाय. थंडीत जमिनीवर असेपर्यंत खुट्टी बाहेर, उडताना आत. विसरलं की सर कान उपटतात. शब्दशः उपटतात, बघा," म्हणून तिनं लाल झालेला कान दाखवला.

नानासो जवळ आले होते. "मग? चूक हाय का ते?" त्यांचा आवाज चढला. "गेल्या थंडीत आसंच धुकं हुतं. वर गेलो आणि इंजिन गप. हवा आत शिरती तिथं बर्फ धरलं हुतं. नदीच्या वाळूवर उतारलो म्हणून आज बोलतोय तुमच्याशी. गरम हवेनं बर्फ वितळतं. जीव वाचवती ती खुट्टी!"

"वाचवते, सर. ते खरंच आहे." आम्रपाली हळू बोलत होती, पण मागं सरत नव्हती. "पण गार हवा फिल्टरमधून गाळून येते. गरम हवा येते सायलेन्सरभोवतीच्या नळीतून. तिला फिल्टर नाही. वर आभाळात चालतं, तिथं धूळ नसते. इथं मुरमावर, ट्रॉलीच्या मागं उभं राहून ती खुट्टी ओढली, की हा सगळा धुरळा सरळ इंजिनाच्या पोटात."

हे पुस्तकात होतं, नानासोंना माहीत होतं, आम्रपालीलाही माहीत होतं. पण भीतीनं लावलेल्या नियमाकडं परत बघायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"आई, तुझा रुमाल दे."

लीलाबाईंनी कमरेचा पांढरा रुमाल काढून दिला. आम्रपालीनं इंजिनाचं झाकण उघडलं, गरम हवेच्या नळीची पट्टी सैल केली, इंजिनाकडचं टोक मोकळं केलं आणि रुमाल बोटाला गुंडाळून आत फिरवला. बाहेर आला तेव्हा तो विटकरी रंगाचा होता.

नानासोंनी रुमाल हातात घेतला. मग का कोण जाणे, तो लीलाबाईंपुढे धरला. "तुमी शाळेत शिकीवता न्हवं? बघा."

लीलाबाईंनी ती पूड दोन बोटांत चोळली. बोटांना ती खरखरीत लागली. "नुसती माती नाही ही," त्या म्हणाल्या. "गारगोटीचे कण आहेत. काचेवर ओरखडा काढतील असे. लोखंडाला काय सोडतायत!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, की आपण आलो होतो पोरीला सोडवायला आणि साक्ष दिली तिच्या बाजूनं.

नानासोंनी आभाळाकडं पाहिलं. धुकं विरत चाललं होतं. फ्लाइंगला अगदी नामी दिवस होता. "म्हंजी," ते म्हणाले, "बर्फाला भिऊन मी पोरांकडनं रोज त्याला माती चारली." त्यांनी माकडटोपी काढून डोकं खाजवलं. "अंकिता!"

"जी सर."

"आजपास्नं खुट्टी आत. जमिनीवर तपासणीपुरती वडायची आणि लगीच ढकलायची. वर गेल्यावर आणि उतरताना पायजे तवा वापरायची. इसरंल त्यानं विमान धुवायचं."

"आणि तुमी इसरला तर?"

"तर मी धुतो, भवाने. आज फ्लाइंग बंद. इंजिन उघडून बघायचं."

मग दुपारपर्यंत शेडमध्ये काम चाललं. इंजिन गरम होतं तेवढ्यात आम्रपालीनं चारही सिलिंडरांत एकामागून एक दाबानं हवा भरून पाहिली. रिंगा फार झिजल्या असत्या तर हवा आतल्या आत फसकन निसटली असती. प्रत्येक वेळी ती काटा बघायची, कान लावायची, आणि प्रत्येक वेळी लीलाबाई श्वास रोखून उभ्या राहायच्या, जणू डॉक्टरनं पोरीच्याच छातीला नळी लावलीय. चौथ्या सिलिंडरनं हवा जरा सैल धरली, पण धरली. तेलाचा फिल्टर कापून घडी पसरली, चुंबक फिरवला. धातूचे तुकडे नव्हते.

"वेळेत सापडलं," आम्रपाली म्हणाली. "झीज आहे, पण चालण्यासारखी. तेल बदलते. थोडे तास उडवून पुन्हा तपासायला पाठवू. माती थांबली असेल तर सिलिकॉन खाली येईल, मागोमाग लोखंड आणि क्रोम. नाही आलं, तर सिलिंडर उतरवायचे."

"आणि शिसं?" नानासोंनी मिस्कीलपणे विचारलं.

"शिसं येणारच हजारांत. लॅब परत लाल गोल काढणार."

"काढू दे. तेवढीच रंगपंचमी."

कोपऱ्यात काळं तेल डब्यात ओघळत होतं. त्याच्याजवळ ओणवी बसलेल्या आम्रपालीच्या कपाळावर एक काळा पट्टा उमटला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. लीलाबाईंनी पदरानं तो पुसायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. काम चाललं होतं तिचं.

निघताना आम्रपाली फाटकापर्यंत आली. तिला शेडमध्येच थांबायचं होतं, तेलाचं उरकायचं होतं. "सरांशी काय बोलायचं होतं तुला?" तिनं विचारलं.

"झालं बोलून," लीलाबाई म्हणाल्या. मग राहवेना म्हणून त्यांनी विचारलं, "भीती नाही वाटली गं, एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणताना?"

"वाटली की. पाय लटपटत होते. तुला दिसले नाहीत?"

"नाही बाई."

"मग बरं," आम्रपाली म्हणाली आणि तेलकट हात अंगापासून लांब धरून आईच्या खांद्यावर नुसती हनुवटी टेकवली.

कऱ्हाडच्या स्टँडवर उन्हं कलली होती. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती. लीलाबाई बाकावर बसल्या आणि जिवाला जरा सैल सोडलं. घोर गेला नव्हता, आणि तो कधी जाईल असंही त्यांना वाटेना. पुढचा रिपोर्ट यायला महिना लागेल. सिलिंडर उतरवावे लागले तर क्लब टिकेल की नाही कोण जाणे. लॅब पुन्हा चुकेल, नानासो पुन्हा हट्टाला पेटतील, धुकं तर दर थंडीला येणारच. पण त्या हजारांच्या आकड्याला भुलून न जाता खालच्या बारीक आकड्यांवर ठेवलेलं ते बोट त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते बोट काय करील? परीक्षानळ्या धुवील. नीट धुवील, त्यात शंका नाही.

सोपानदादा काय म्हणतील तेही त्यांना पाठ होतं. लिले, कायमची जागा आहे. लिले, अशी संधी पुन्हा येत नाही. लिले, उद्या काही झालं तर माझ्याकडं रडत येऊ नकोस. यातलं एकही खोटं नव्हतं.

घरी गेल्यावर फोन करू, असं आधी त्यांनी ठरवलं होतं. पण घर म्हणजे स्वयंपाक, घर म्हणजे बाळाबाईंच्या चौकश्या, आणि रात्र पडली की धीर गळतो हे त्यांना स्वतःपुरतं चांगलं माहीत होतं. स्टँडच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. आत कोणीतरी सैन्यातल्या पोराशी मोठ्यांदा बोलत होतं आणि बाहेर दोघंजण खोळंबले होते.

"सांगली, सांगली!" कंडक्टर ओरडला. "चला, बाई, बसताय का? जागा हाय."

"जाऊ द्या ही," लीलाबाई म्हणाल्या. "मागच्या गाडीनं येते."

त्या उठल्या, पदर खोचला आणि बूथच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढची दोन माणसं होईपर्यंत त्यांनी वाक्य मनाशी एकदा म्हणून पाहिलं: दादा, जयभीम. त्या जागेवर दुसऱ्या कोणाचं तरी बघा.